वैरी बिघडला त्या वर्षीची छाटणी

डॅनर्स रिजच्या डोंगरधारेवर स्वतःच्या पीचच्या झाडाला स्वतः करवत लावणारा माणूस आणि स्वतःच्या पोराला स्वतःच पहिला नंबर देणारा मास्तर, दोघांची किंमत सारखीच. म्हणजे समोरून आले तर लोक टोपीला हात लावतात, पण नंतर तो हात विजारीला पुसतात.

कारण पीच हे मायेनं वाढणारं झाड नव्हे. वर डोंगरातले सफरचंदवाले झाडांना गोंजारत बसतात, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांना सफरचंदं मिळतात. पीचला फळ धरतं ते फक्त गेल्या हंगामात फुटलेल्या तांबूस, पेन्सिलीएवढ्या काडीवर. बाकीचं जुनं लाकूड म्हणजे सासुरवाडीला येऊन राहिलेला जावई, नुसतं खाणार आणि सावली अडवणार. म्हणून दर फेब्रुवारीत अर्धं झाड खाली पाडायचं. मधलं पोट रिकामं करायचं, तीन-चार मोठ्या फांद्या बाहेर कललेल्या ठेवायच्या, वाडग्यासारखा आकार आणायचा, म्हणजे ऊन थेट बुडापर्यंत उतरतं. आता अर्धं झाड पाडायचं हे बोलायला सोपं. ज्यानं ते रोप लावलं, दुष्काळात बादलीनं पाणी घातलं, त्याचा हात ऐन वेळी लुळा पडतो. या फांदीखाली मी जेवलो, त्या फांदीवर धाकटी झोका घ्यायची, असं करत करत तो चार काड्या कापतो आणि घरी जातो. जुलैत त्याला लिंबाएवढी फळं येतात. ती त्याला गोड लागतात, हे आणखी वाईट.

जुन्या काळी सायलस ओझ्बर्न नावाचा असाच एक मायाळू गाढव रिजवर होता. तो एकदा कोर्टाच्या कामाला गेला असताना त्याच्यावर डूख धरून असलेल्या पुतण्यानं त्याची सगळी बाग अर्धी कापून ठेवली. सायलस परत आला आणि बागेत बसून रडला. त्या जुलैत त्याच्या झाडांना तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी फळं लागली. एक फळ घसरून पडलं तर खाली झोपलेलं कुत्रं तीन दिवस उठलं नाही. खोटं वाटत असेल त्यानं रिजवर येऊन विचारावं. कुत्रं आता नाही, पण ओझ्बर्न मंडळी आहेत आणि ती अजून तितकीच मठ्ठ आहेत.

तेव्हापासून रिजवर ज्याचं झाड त्यानं छाटायचं नाही. त्याच्या वैऱ्यानं छाटायचं.

आता चांगला वैरी मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. नुसता राग कामाचा नाही, रागावलेला माणूस थेट खोडाला हात घालतो. मत्सर त्याहून वाईट, मत्सरी माणूस नेमकी फळाची काडी कापतो आणि वांझ ठेवतो. लागते ती तुच्छता. स्वच्छ, थंड, वर्षानुवर्षं मुरलेली. तुमच्या झाडासमोर उभं राहून ज्याला मनापासून वाटतं की यातलं निम्मं जगायच्या लायकीचं नाही, तो खरा वैरी. असा माणूस ज्याला लाभला त्यानं देवाचे आभार मानावेत, अर्थात मनातल्या मनात.

फर्मन कूगलरला तो लाभला होता. ऍस्बरी डोझियर, शेजारच्याच बागेचा मालक. एकतीस वर्षांपूर्वी फर्मनच्या लग्नाच्या जेवणात, सगळी पंगत शांत असताना, ऍस्बरी हॅमचा तुकडा चघळत म्हणाला होता, "नवरी बरी आहे. झाडं बघून मात्र तिची कीव येते." त्या दिवशी फर्मननं त्याला ओळखलं. पुढच्याच फेब्रुवारीत ऍस्बरीनं फर्मनची तीनशे झाडं छाटली, मार्चात फर्मननं ऍस्बरीची, आणि तेव्हापासून, एक साल सोडलं तर, दोघांच्या फळाला पॅकिंग शेडमध्ये कुणी बोट लावून मापलं नाही. नुसतं बघून वरच्या प्रतीच्या टोपलीत टाकायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी फर्मन सकाळी पोर्चवर बसला होता. मांडीवर ग्रिट्सचा, म्हणजे मक्याच्या पेजेचा, वाडगा होता, डोळे फाटकाकडे. ऍस्बरीचं येणं कसं असतं ते त्याला पाठ होतं. फाटक लाथेनं उघडणार, घराकडे बघणार नाही, पहिल्या झाडापाशी थांबणार, वरपासून खालपर्यंत नजर फिरवणार आणि थुंकणार. ती थुंकी पडली की फर्मनचा जीव भांड्यात पडायचा.

ऍस्बरीनं फाटक हातानं उघडलं. आत आल्यावर वळून लावून घेतलं. मग टोपी काढून म्हणाला, "काय फर्मन, कसा आहेस? रात्री थंडी जरा जास्तच होती नाही?"

फर्मनच्या हातातला चमचा तसाच राहिला. आतून त्याची बायको यूला दारात आली. ऍस्बरीनं तिलाही मान लववली. रिजवर लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिस म्हणतात. "मिस यूला, तब्येत ठीक ना तुमची?"

"ठीक आहे," यूला म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघितलं. "हा आजारी आहे का?"

ऍस्बरी आजारी नव्हता. त्याच्या शर्टाच्या खिशात सिगारेटच्या पाकिटाएवढी एक डबी होती आणि तिच्यातून निघालेली तार कानात गेली होती. वीस वर्षं ठार बहिरा असलेल्या बापाला ऑगस्टा शहरात राहणाऱ्या मुलीनं नाताळला ऐकायचं यंत्र दिलं होतं. इथपर्यंत वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते जानेवारीत.

चर्चमध्ये जुने पाद्री ब्रदर पिंकनी होते तोवर सगळं शिस्तीत चालायचं. 'आपल्या वैऱ्यावर प्रीती करा' हे वचन ते जुलैपासून नाताळापर्यंतच काढायचे. जानेवारी ते मार्च नोहा, पूर, टोळधाड, असे निरुपद्रवी विषय. पिंकनी वारले आणि त्यांच्या जागी समुद्रकाठचे ब्रदर लँगली आले. तिकडे कलिंगडं होतात. कलिंगडाला छाटणी नाही, आकार नाही, अक्कलही नाही, जमिनीवर लोळत पडायचं एवढंच. त्या माणसानं जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पाऊण तास वैऱ्यावर प्रीती करा सांगितलं. सगळं चर्च सवयीनं झोपलं होतं. जागा एकच माणूस होता, कारण त्याला वीस वर्षांत पहिल्यांदाच प्रवचन ऐकू येत होतं.

फर्मनला हे दुपारी कळलं. तोवर ऍस्बरीनं सात झाडं उरकली होती, आणि खाली पडलेल्या काड्या एका हातात मावल्या असत्या.

फर्मन झाडाखाली जाऊन उभा राहिला. मधल्या पोटातून सरळ आकाशाकडे गेलेले हिरवे पानसोट तसेच होते. त्यांना जन्मात फळ येत नाही, ते फक्त रस ओढतात. एकमेकांवर चढलेल्या दोन फांद्या घासून घासून सोलल्या होत्या, त्याही जागच्या जागी.

"हे काय आहे?" फर्मन म्हणाला.

"छाटणी."

"याला छाटणी म्हणतात? नवऱ्या मुलाची मिशीसुद्धा याच्यापेक्षा जास्त कापतात."

ऍस्बरीनं पानसोटावरून हात फिरवला. "मी करवत लावली होती रे. मग वाटलं, एवढं वर जायची हौस आहे बिचाऱ्याला. राहू दे."

"राहू दे?"

"आणि ही खालची फांदी वाळलीय खरी, पण तिच्यावर पाखरू बसलं होतं."

फर्मन घरी आला तो पाय ओढत. यूला कॉर्नब्रेड उलटत होती.

"त्यानं पाखरासाठी वाळकी फांदी ठेवली," फर्मन म्हणाला.

"अरे देवा," यूला म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. ती रिजवरचीच होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. मार्चाच्या दहा तारखेच्या आसपास फूल उमलतं. त्याच्या आत तीनशे झाडांचं निम्मं लाकूड खाली आलं नाही, तर यंदाचं फळ गेलंच, शिवाय आतल्या काड्या सावलीत मरून पुढच्या वर्षीचंही गेलं. मग झाड वरवर चढतं, खाली नागवं होतं, आणि शिडीवर शिडी लावूनही हाताला येत नाही.

"यंदा तूच छाट ना," ती म्हणाली, पण म्हणतानाच तिचा आवाज बसला.

फर्मननं एकदा छाटली होती. चव्वेचाळीस साली ऍस्बरीचा पाय मोडला होता तेव्हा. त्या जुलैत एवढी बारीक फळं आली की चिमण्या एकेका चोचीत दोन-दोन धरून न्यायच्या. शेडमधल्या माणसानं टोपलीत बघून विचारलं होतं, हे वजनावर द्यायचं आहे की ओवून माळेनं. फर्मन तेव्हापासून त्या माणसाच्या अंत्ययात्रेची वाट बघत होता.

दुसरा वैरी शोधायचा म्हटलं तर रिजवर मोकळा कोण होता? कामाचे वैरी सगळे बांधलेले. थोरले दोघे हॅगुड भाऊ एकमेकांना पुरून उरलेले. लोनी रेमला फर्मन आवडत नव्हता हे खरं, पण न आवडणं वेगळं. त्याला बोलावून एक झाड दाखवलं तर तो म्हणाला, "बरं आहे की झाड." फर्मननं त्याला तिथूनच परत पाठवलं. जिल्ह्याच्या शेतकी खात्यातला एक तरणा पोरगा आला, त्याच्याकडे छापील चित्र होतं. झाडाबद्दल माया नाही, तुच्छताही नाही, नुसता पंचेचाळीस अंशाचा कोन. एका झाडाला त्यानं चाळीस मिनिटं घेतली आणि प्रत्येक कापाच्या आधी चित्राची परवानगी घेतली. एवढ्या अदबीनं कापलेलं झाड, फर्मन म्हणाला, शाळेच्या फोटोतल्या पोरासारखं दिसतं. केस विंचरलेले, डोक्यात काही नाही.

तेव्हा उपाय एकच राहिला. ऍस्बरीला ताळ्यावर आणायचं.

बुधवारी फर्मन चौकातल्या दुकानात गेला. चुलीभोवती पाच-सहा जण बसले होते, ऍस्बरीही त्यांत.

"ऍस्बरी," फर्मन म्हणाला, "तुझ्या बापानं जन्मात एकच सरळ गोष्ट केली, ती म्हणजे उताणा पडून मेला."

दुकानात कुणी तंबाखूसुद्धा चघळेना.

ऍस्बरीनं मान हलवली. "खरंय. आमचा बाप वाकडाच होता."

"तुझं कुत्रं बघून मांजरं वाट सोडत नाहीत, रस्ता विचारतात."

"म्हातारं झालंय बिचारं. मीही झालोच की."

"तुझ्या धूर दिलेल्या हॅमपेक्षा धूर बरा लागतो."

"यंदा मीठ कमी पडलं खरं," ऍस्बरी म्हणाला. "फर्मन, तू जे मनात असतं ते बोलतोस. मला हा तुझा गुण आधी ऐकूच येत नव्हता."

चुलीपाशी बसलेल्या थोरल्या हॅगुडनं फर्मनकडे बघितलं, ज्याच्या घरात मयत झालीय त्याच्याकडे बघतात तसं. खरी गोची फर्मनला बाहेर आल्यावर कळली. ऍस्बरी बहिरा होता तेव्हा फर्मनच्या ओठांकडे बघून मनानंच शिव्या रचायचा, आणि ऍस्बरीचं मन फर्मनच्या जिभेपेक्षा कितीतरी घाण होतं. आता त्याला फक्त फर्मन बोलतो तेवढंच ऐकू येत होतं. फर्मननं यंत्राचे सेल संपायची वाट बघितली. शनिवारी कळलं, ऍस्बरीच्या विजारीत सहा जादा सेल असतात.

फेब्रुवारीची अखेर आली. ऍस्बरी रोज येत होता, रोज दहा-बारा झाडांची विचारपूस करून जात होता. काड्यांवरचे डोळे फुगले होते, काहींच्या टोकाला गुलाबी दिसू लागलं होतं. फर्मन सकाळी उठून एकेक डोळा अंगठ्यानं दाबून बघायचा आणि परत यायचा. त्याची स्वतःची करवत दिवाणखान्यात टेकवलेली होती, ऍस्बरीच्या झाडांसाठी धार लावलेली. त्याची ऍस्बरीबद्दलची तुच्छता शाबूत होती. उलट पंधरा दिवसांत ती दुप्पट झाली होती, आणि असली तुच्छता घेऊन ऍस्बरीच्या बागेत गेलं तर त्याला यंदा कलिंगडाएवढी पीच येणार. म्हणजे मला चिमणीचा चारा आणि त्याला पहिल्या प्रतीचं फळ, आणि तेही माझ्याच हातनं. हा विचार आला तेव्हा फर्मन भांडी पुसत होता. त्यानं ताटली खाली ठेवली.

"यूला," तो म्हणाला, "मी ऍस्बरीची झाडं छाटायला जातो."

"आपली व्हायची आहेत अजून."

"असू दे."

"आणि करवत इथेच राहिली की."

"करवत नको," फर्मन म्हणाला. "तुझी शिवणाची कात्री दे."

यूलानं शिवणाचा डबा उघडला. मग तिनं कात्री दिली, ती चांगली नव्हे, बटणं कापायची बोथट.

ऍस्बरीची बाग रस्त्याला लागून होती. पहिली ओळ तर थेट चर्चच्या रस्त्यावर. रिजवर रविवारी दुपारी दुसरं काही करमणुकीचं नाही. जेवून उठलं की मंडळी गाडीत बसतात, ताशी दहा मैलांनी रस्त्यारस्त्यानं फिरतात आणि एकमेकांची छाटणी बघून नाकं मुरडतात. म्हणून फर्मननं तीच ओळ आधी घेतली.

सांगायला हवं की ते काम सोपं नव्हतं. एकतीस वर्षं ज्या हाताला त्या झाडांची घृणा पाठ झाली होती तो हात करवतीची मूठ शोधत होता. पहिल्याच झाडाच्या मध्यावर मनगटाएवढा पानसोट उभा होता, ताठ, निर्लज्ज. फर्मनच्या दाढा आवळल्या. घाम आला. त्यानं कात्री पुढे केली, पानसोटाच्या अगदी टोकाचं एक पान नसलेलं बोंडुक कापलं आणि मोठ्यानं म्हणाला, "राहू दे बिचाऱ्याला. हौस आहे त्याला."

पोर्चवर ऍस्बरी झुलत्या खुर्चीत बसला होता. तो हसला आणि हात हलवला.

दुसऱ्या दिवशी फर्मननं वाकड्या फांदीला आधार म्हणून खाली काठी उभी केली आणि एका वाळक्या फांदीवर पाखरासाठी मक्याचे दाणे ठेवले. ऍस्बरी हसला, पण हात हलवला नाही. तिसऱ्या दिवशी फर्मन झाडाच्या खोडाला टेकून बसला आणि त्यानं खोडावर थोपटलं. पोर्चवरची खुर्ची झुलायची थांबली.

"फर्मन," ऍस्बरी तिथूनच म्हणाला, "त्या दुसऱ्या फांदीचं काही करणार आहेस का?"

"कुठली? ही होय? हिनं काय वाईट केलंय तुझं?"

"ती मध्ये येतेय."

"आपणही कुणाच्या ना कुणाच्या मध्ये येतोच, ऍस्बरी. म्हणून कुणी आपल्याला कापतं का?"

ऍस्बरीनं डबीला हात लावला, पण ती बंद केली नाही. तो खरोखरच सुधारलेला माणूस होता, आणि सुधारलेल्या माणसासारखं चिवट दुसरं काही नसतं.

मग रविवार आला.

चर्च सुटलं, जेवणं झाली, गाड्या निघाल्या. फर्मन आणि यूला आपल्या पिकअपमध्ये बसून ऍस्बरीच्या बागेच्या पुढच्या वळणावर थांबले, काचा खाली करून. ऍस्बरी पोर्चवर होता, रविवारचा कोट घालून. पहिली गाडी हॅगुडांची. ती ताशी दहावरून पाचावर आली. झाडं झाडूच्या बुंध्यासारखी उभी, मध्ये जंगल, खाली काठ्या, वर मक्याचे दाणे टिपणारे दोन कावळे. गाडी थांबली.

"ऍस्बरी," थोरल्या हॅगुडनं विचारलं, "यंदा कुणी छाटली रे?"

"कूगलरनं."

गाडीत कुजबुज झाली. मग धाकटा हॅगुड अगदी हळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा बोलला. त्याच्या मते तो आवाज पोर्चपर्यंत पोचत नव्हता. नाताळाआधी पोचलाही नसता.

"मैत्री झालीय त्यांची," तो म्हणाला.

मागच्या सीटवरून कुणीतरी बाई चुकचुकली. "या वयात."

गाडी पुढे गेली. मागून दुसरी आली, तिसरी आली. सगळ्या थांबल्या, सगळ्यांनी आवाज खाली आणला, आणि ऍस्बरीनं सगळं ऐकलं. एक म्हणाला, डोझियरला कुणी धड वैरीसुद्धा राहिला नाही. दुसरा म्हणाला, अरे, ज्याला कुणी तुच्छसुद्धा मानत नाही त्याची बाग अशीच दिसणार. सहाव्या गाडीनंतर ऍस्बरी उठला. कोट काढून खुर्चीवर टाकला. पायऱ्या उतरून पहिल्या झाडापाशी आला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि मग त्याचं लक्ष वळणावरच्या पिकअपकडे गेलं.

तो चालत आला. यूलानं काच वर करायला घेतली तर फर्मननं तिचा हात धरला.

"उतर खाली," ऍस्बरी म्हणाला.

"बोल की इथूनच. मित्रामित्रांत कसला मान."

"माझी झाडं," ऍस्बरी म्हणाला, आणि त्याचा आवाज तसा खरखरीत फर्मननं महिनाभर ऐकला नव्हता, "एकतीस वर्षांत कुणाच्या बापाला नाव ठेवता आलं नाही त्यांना. आणि तू त्यांना थोपटलंस? माझ्या दारात, रस्त्यावर, सगळ्या चर्चसमोर?"

"मला वाटलं तुला आवडेल. तू माझी थोपटलीस ना."

"तुझी थोपटली ती कीव म्हणून. तुझी होतीच तसली."

"कसली?"

ऍस्बरी थांबला. फर्मनला त्याच्या चेहऱ्यावर ब्रदर लँगली आणि एकतीस वर्षं झोंबताना दिसली. कलिंगड हरलं.

"तुझी झाडं," ऍस्बरी म्हणाला, "बघून मला तुझ्या लग्नाच्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. आजही जात नाही. मिस यूला, तुम्हाला नाही म्हणत. तुम्हाला बिचाऱ्यांना खिडकीतून रोज बघावं लागतं. लाकूड, नुसतं लाकूड. कूगलर लोकांना झाड आणि लाकडाची वखार यातला फरक कधी कळलाच नाही. उद्या उजाडताच येतो. आणि फाटक उघडं ठेव, मला तुझ्या फाटकाला हातसुद्धा लावायचा नाही."

तो गेला.  "किती छान बोलला," यूला म्हणाली.

सोमवारी फर्मननं फाटक मुद्दाम लावून ठेवलं होतं. लाथेचा आवाज घरात ऐकू आला. थुंकी पडली. मग करवत सुरू झाली, आणि रिजवर त्यानंतर कुणी तशी छाटणी बघितली नाही. पानसोट वर जात होते तसे खाली आले. घासणाऱ्या फांद्यांतली एक गेली आणि उरलेली एवढी स्वच्छ केली गेली की तिला गेलेलीची लाज वाटावी. झाडाझाडाचं पोट रिकामं झालं. प्रत्येक झाडाला सांगायला ऍस्बरीकडे काहीतरी होतं. "ही बघ. हिला फांदी म्हणतात, कूगलर? ही तर तुझ्या आत्यासारखी आहे, चारही दिशांना आणि कुठेच पोचत नाही." तो एवढ्या वेगानं कापत होता की मागे पडणाऱ्या काड्यांचा ढीग त्याला दुपारी ओलांडता आला नाही, त्याला बाजूनं फिरून यावं लागलं. नऊ दिवसांत तीनशे झाडं झाली. दहाव्या दिवशी सकाळी उरलेल्या तांबूस काड्यांवर पहिली फुलं उमलली, आणि प्रत्येक फुलावर ऊन पडलं होतं.

फर्मन त्या संध्याकाळी बागेत एकटाच फिरला. अशी बाग त्याची कधीच दिसली नव्हती. आणि चालता चालता त्याला छातीत डावीकडे काहीतरी ऊनऊन वाटलं. आधी त्याला वाटलं, हॅम बाधलं. मग ते काय आहे ते कळलं. ती कृतज्ञता होती. ऍस्बरी डोझियरबद्दल.

उद्या त्याला ऍस्बरीची झाडं छाटायची होती, आणि फुलं उमलत असताना वेळ उरला होता तो जेमतेम आठवड्याचा. असला हात घेऊन गेलं तर कात्रीची गरजच नाही, तो खरोखरच थोपटून येईल. फर्मन रात्रभर कुशी बदलत ऍस्बरीचे दोष आठवत राहिला. कान. चालणं. सूप पिण्याचा आवाज. एकेक दोष समोर आला की त्याच्यामागून ती नऊ दिवसांची बाग यायची आणि दोष पुसला जायचा.

सकाळी तो ऍस्बरीच्या पहिल्या झाडाखाली उभा राहिला, करवत हातात घेऊन. तोच मनगटाएवढा पानसोट समोर होता. फर्मननं करवत लावली. दात लाकडाला टेकले, आणि हात पुढे जाईना. एवढं वर जायची हौस, असं त्याच्या मनात आपोआप आलं, आणि या वेळी त्यात कपट नव्हतं.

पोर्चवर ऍस्बरी आला. कप हातात. त्यानं फर्मनला बघितलं, करवतीला बघितलं. त्याला कळलं असावं. एकतीस वर्षांच्या वैऱ्याला कळणार नाही तर कुणाला.

"कूगलर," तो म्हणाला, "तुझी बाग मी काल रस्त्यावरून बघितली."

फर्मनची नजर करवतीच्या पात्यावरच होती. 

"एवढा घाम गाळून छाटली. आणि एवढं करूनही," ऍस्बरीनं कपातला घोट घेतला, "तुझीच दिसते."

फर्मननं मान वर केली. ऍस्बरी त्याच्याकडे तसाच बघत होता, जसं लग्नाच्या पंगतीत बघितलं होतं, जसं चांगला माणूस नासलेल्या फळाकडे बघतो. छातीतलं ऊनऊन एकदम गार झालं. डोक्यात वारा शिरल्यासारखं मोकळं वाटलं.

"आणि तुझ्या त्या सुपाच्या आवाजानं," फर्मन म्हणाला, "माझी कोंबडी अंड्यावरून उठते."

"तुझी कोंबडी अंड्यावर बसते हेच तिचे उपकार. काम कर. ऊन वर आलं की तुझं तोंड बघवत नाही."

करवत एका दमात आरपार गेली. पानसोट खाली पडला, त्याच्यावर दुसरी फांदी, आणि तिसरीकडे बघून फर्मन थुंकला.